लपवण्यासारखं काही नाही, असं म्हणालो त्या दिवसाचं

(पारोळा तालुक्यात मोटर दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितलं, तसं उतरवलं आहे. माणसांची नावं बदलली आहेत.)

पोलिसाने मागितला नव्हता तरी मी माझा मोबाईल उघडून त्याच्या हातात दिला. वरून म्हटलं, घ्या साहेब, पाहून घ्या, आपल्याजवळ लपवण्यासारखं काही नाही. चूक म्हणाल तर एवढीच, पण एवढ्याने माझ्या पोरीचा जीव टांगणीला लागला.

पहिल्यापासून सांगतो. माझं नाव उखर्डू. हसा, हसा, सगळेच हसतात, बठ्ठा पारोळा हसतो. माझ्या आधीची आईची मुलं जगली नाहीत, म्हणून मी जन्मलो तसा मला सुपात घातलं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवलं, म्हणजे यमाला वाटावं हा टाकून दिलेला माल आहे, हा नेऊन काय करायचं, आणि मग शेजारच्या अक्काने उचलून आणून आईच्या ओटीत घातलं. आमच्याकडे अशी पद्धत होती. तर यम फसला. त्यानंतर माझ्याकडून कुणी फसलेलं नाही, मीच फसत आलो.

शाळा नववीत सुटली. बाप म्हणाला काहीतरी हातात कला पाहिजे, म्हणून धुळ्याला एका उस्तादाकडे ठेवलं, मोटर बांधायला शिकायला. विहिरीवरची मोटर जळली की तिच्यातली जुनी तार काढायची, नवी भरायची, त्याला आम्ही बांधणं म्हणतो. मी स्वतःच्या हाताने पहिली मोटर बांधली ती उलटी फिरली. शेतकरी बिचारा पाइपाच्या तोंडाशी बसून राहिला, पाणी आता येईल मग येईल, आणि संध्याकाळी येऊन उस्तादाला म्हणाला, तुमच्या पोराने मोटर बांधली का पंखा बांधला. उस्तादाने मला दुकानाबाहेर उभं केलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवलं, हा तो. पण शिकलो. पुढे आमच्या गावच्या फाट्यावर, पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना लागतो तो फाटा, तिथे दुकान टाकलं, लग्न झालं, पोर झाली. एकच पोर, वैशाली. आणि आयुष्यभर मोटरींच्या आवाजात बसून दोन्ही कान अर्धे गेले. म्हणून मोबाईलचा आवाज मी कायम पूर्ण वर ठेवतो. हे ध्यानात असू द्या.

आता नाकाबंदीचं सांगतो. काय सांगू तुम्हाला, ती आणली तरी कुणी, मीच आणली. आमच्या शिवारात केबलचोर मातले होते. विहिरीवरून मोटरीची केबल कापून न्यायची, वरचं रबर जाळायचं, आतलं तांबं विकायचं. उभं पीक, विहिरीत पाणी आणि वर आणायला तार नाही, माणूस येडा होतो हो. ग्रामसभा भरली तेव्हा बठ्ठे चिडलेले होते आणि मला बोलायची हौस. मी उभा राहिलो आणि म्हटलं, फाट्यावर पोलीस बसवा, येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घ्या, जो चोर नाही त्याला कसली आली भीती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच म्हणाले, उखर्डू आबांनी नेमकं बोलून दाखवलं. मी घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं की टाळ्या वाजल्या. ती म्हणाली, ऐकलं, आता जेवा.

आणि खरंच नाका बसला. पिवळी बॅरिकेड आली, हवालदार आले, दोन होमगार्ड आले, गाडीचा फोटो काढून दंड लावायचं मशीन आलं. खोटं कशाला बोलू, फायदा झाला. चोऱ्या थांबल्या. एक डंपरवाला पिऊन तर्र, शाळा सुटायच्या वेळेला, त्याला तिथेच धरला, नाही तर काय झालं असतं कुणास ठाऊक. मी दुकानातून पाहायचो आणि छाती फुगवायचो, जसा काही तो नाका मीच बांधून दिला.

पण हळूहळू दुसरंही दिसायला लागलं. निंदणीला जाणाऱ्या बायांच्या टेम्पोतली गाठोडी सोडून पाहायचे, त्यांच्या भाकरी उघड्यावर. एका म्हाताऱ्याच्या पिशवीतली औषधं वर करून विचारलं कशाची, तो हळू आवाजात म्हणाला मुळव्याधीची, हवालदार म्हणाला मोठ्याने बोला, तर तो मोठ्याने बोलला. रसवंतीवर बसलेले बठ्ठे हसले. मीही हसलो. हो, हसलो. म्हातारा मान खाली घालून गेला आणि मी हातातला रस संपवला.

आता पोरीचं. वैशाली एरंडोलकडे एका गावात दिलेली. जावई आधी सुरतला कापडाच्या कारखान्यात होता, ते सुटलं, गावी आला, आणि तेव्हापासून त्याचं डोकं फिरलं. पितो असंही नाही, पीत असता तर म्हटलं असतं दारू बोलते. शुद्धीत मारतो. पोर बरेच दिवस बोलली नाही. मग एकदा नातीला, परीला, घेऊन आली तेव्हा आईने डोक्याला तेल लावताना मानेवरचे वळ पाहिले. त्यानंतर ती मला मोबाईलवर आवाज भरून पाठवायला लागली, नवरा बाहेर गेला की. प्रत्येक वेळी शेवटी म्हणायची, आबा, ऐकलं की पुसून टाका. आणि मी पुसत नव्हतो. पुसता येत नव्हतं असं नाही. पोरीचा आवाज आहे, कसा पुसायचा, असं वाटायचं. दुकानात कुणी नसलं की पुन्हा लावून ऐकायचो.

तिने एक बेत केला होता. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे वैशाखातल्या अक्षय्यतृतीयेला, सासरी गेलेली प्रत्येक लेक माहेरी येते. झोके बांधतात, सांजोऱ्या करतात, गौराईची गाणी म्हणतात. लेकीला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला आम्ही मूळ म्हणतो. मूळ आलं आणि लेक धाडली नाही, असं कुणी सासर करत नाही, गावात नाक राहत नाही. तर बेत असा, की आखाजीचं मूळ येईल, ती परीला घेऊन नेहमीसारखी निघेल, आणि परत जायचंच नाही. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. त्या दिवसांत सगळ्याच लेकी निघतात.

हे तिघांना माहीत होतं. तिला, तिच्या आईला आणि मला. तिघांत एक मी होतो, हाच त्या बेताचा कच्चा धागा.

त्या दिवशी मी धुळ्याला चाललो होतो. गाडीवर मागे पोतं, पोत्यात जळालेल्या मोटरींमधून काढलेली जुनी तार, ती देऊन नवी आणायची. नाक्यावर थांबवलं. थांबवणारा हवालदार नवा होता, मला ओळखत नव्हता. पोत्यात काय म्हणाला, मी म्हटलं तांबं. आता नाका केबलचोरांसाठी, आणि मी ऐटीत सांगतो तांबं. त्याने पोतं उतरवलं. मी म्हटलं अहो साहेब, तुम्हाला इथे बसवलं ते मीच, ग्रामसभेत भाषण केलं होतं. तो म्हणाला, असं का, मग हेल्मेट कुठे आहे. हेल्मेट आरशाला लटकवलं होतं.

तेवढ्यावर तो सोडतही होता, खरं सांगतो. नुसतं म्हणाला, कुणाच्या मोटरीची तार आहे ते सांगा आणि जा. नाव सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण भोवती चार माणसं जमली होती आणि मला सिद्ध करायचं होतं. ज्याची मोटर त्याने मला जळालेल्या मोटरीचा फोटो पाठवलेला होता. चष्मा दुकानात राहिलेला. म्हणून मी मोबाईल उघडला आणि त्याच्या हातात दिला, तुम्हीच शोधा, व्हॉट्सअॅपवर आहे, पाहून घ्या, आपल्याजवळ लपवण्यासारखं काही नाही.

तो शोधायला लागला. वरती वैशूचं होतं, सकाळीच आलेलं, मी अजून ऐकलेलं नव्हतं. त्याचा अंगठा लागला. मुद्दाम लागला असं मी म्हणत नाही, मुद्दाम नाही असंही म्हणत नाही. आणि आवाज पूर्ण वर.

आबा, आखाजीले मूळ लवकर धाडा. आठे कोन्हले काही सांगू नका. मी परीले लिसन येसू, पन मंग मांगे जावाव नही. त्यानी काल बी माले मारं.

रसवंतीच्या घुंगरांचा आवाज बंद पडला. चरकावरचा माणूसही थांबला होता. हवालदाराने ते पटकन बंद केलं, मोबाईल मला दिला, पोतं स्वतः उचलून गाडीवर ठेवलं आणि म्हणाला, जा नाना तुम्ही. त्याने नजर वर केली नाही. माणूस वाईट नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर चार प्रश्न विचारले असते.

पण बाजूला होमगार्ड उभा होता, सुकदेव, मिशीवाला. सुकदेवची मावशी माझ्या पोरीच्या सासरच्या गल्लीत दिलेली आहे. मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं की मला माहीत आहे. तो रस्त्याकडे पाहत उभा राहिला, जसा काही तिकडून मंत्र्याची गाडी येणार आहे.

मी घरी सांगितलं नाही. वाटलं, सुकदेव बोलणार नाही, वर्दीतला माणूस आहे. वाटलं, बोलला तरी मावशी बोलणार नाही. बायको विचारायची, पोरीचा काही आवाज आला का, मी म्हणायचो रेंज नसेल. मग तिचा मोबाईलच बंद लागायला लागला आणि मी म्हटलं, चार्जिंग नसेल. किती दिवस चार्जिंग नसेल हो.

शेवटी आखाजी आठवड्यावर आली तेव्हा मी स्वतःच मूळ म्हणून गेलो. बायकोने सांजोऱ्यांचा डबा दिला होता. व्याह्यांनी पाणी दिलं, चहा दिला नाही. बसा म्हणाले, आणि सांजोऱ्यांचा डबा न उघडता माझ्याकडे सरकवून म्हणाले, यंदा जमणार नाही, घरात काम आहे. मी म्हटलं आखाजी आहे, सगळ्या लेकी येतात. तर ते हसले आणि म्हणाले, येतात, आणि परतही जातात. एवढंच. मला कळलं की बठ्ठं पोहोचलेलं आहे, शब्दनशब्द पोहोचलेला आहे. वैशू आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मार खाल्लेलं जनावर पाहतं तसं नव्हे. हिशोब चुकलेल्या मास्तराकडे हुशार विद्यार्थी पाहतो तसं पाहिलं. तिला कळलं होतं की कुणाकडून फुटलं.

घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती चूल सारवत होती, हात थांबला. म्हणाली, त्यानी मांगा व्हता का मोबाईल? मी म्हटलं नाही. ती म्हणाली, मंग तुम्ही कसाले दिना? मी म्हटलं, लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणून. ती पुन्हा सारवायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसांत मी नाक्याला शिव्या घालत फिरायचो. चहाच्या टपरीवर म्हणायचो, यांना काय अधिकार माणसाच्या पिशवीत हात घालायचा, कोण कुठे चालला, कुणाला भेटतो, यांना काय करायचं. टपरीवाला म्हणायचा, आबा, टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या ना. मी चहा अर्धा टाकून उठायचो.

मग पोरीच्या सासरच्या गावच्या किराणा दुकानाच्या सेठजींचा फोन आला. मारवाडी घर, आजोबांपासून इथलंच, आमच्यापेक्षा शुद्ध अहिराणी बोलतात. त्यांच्या बोअरची मोटर मी बांधलेली. सेठजी म्हणाले, उखर्डू आबा, मी सांगितलं असं कुठे बोलू नका, पण त्यांनी गाडी सांगितली आहे, उद्या सकाळी सुरतला निघताहेत, तुमच्या पोरीला आणि नातीला घेऊन, खोली पाहून ठेवली आहे. तर सेठजींचं नाव मी तुम्हाला सांगितलेलं नाही, बघा, एवढी अक्कल आली आहे मला.

सुरत म्हणजे तुम्हाला वाटेल जवळ आहे. आमच्या अर्ध्या खान्देशाचं पोट तिथे भरतं. पण अनोळखी गल्लीतली एक खोली, खाली वर सगळे कारखान्यात गेलेले, भिंतीपलीकडे कोण राहतं ते माहीत नाही. इथे निदान सेठजी ऐकत होते, गल्ली ऐकत होती. तिथे पोरीचा आवाज कुणाला आला असता? मी तर अर्धा बहिरा, तिकडून मला काय ऐकू येणार होतं.

आणि एरंडोलहून सुरतचा रस्ता पारोळ्यावरून, आमच्या फाट्यावरून जातो. नाक्यावरून.

सकाळी मी नाक्यावर गेलो. त्या दिवशी फौजदार बाई होत्या, तरुण, वऱ्हाडाकडच्या. मी हात जोडले आणि म्हटलं, एक पांढरी गाडी येईल, ती थांबवा, तिच्यातली बाई उतरवून घ्या, ती माझी पोर आहे. बाईंनी बठ्ठं ऐकून घेतलं. मी मोबाईलचं पण सांगितलं. मग म्हणाल्या, पोरीची तक्रार आहे का आमच्याकडे? नाही. ती देईल का? माहीत नाही. मग नवरा बायकोला घेऊन चालला आहे, मी तिला कोणत्या कारणाने उतरवू?

मी म्हटलं, बाई, तुमची माणसं म्हाताऱ्याची औषधं विचारतात, बायांच्या भाकरी पाहतात, माझा मोबाईल पाहिला. मग ही गाडी पाहायला काय होतं.

त्या म्हणाल्या, तुमचा मोबाईल पाहिला ते चुकलं म्हणता ना तुम्ही? मी म्हटलं हो, चुकलंच. मग आज तसंच करा म्हणता, तर आज ते बरोबर कसं?

 ग्रामसभेत बोलायला सुचतं, टपरीवर सुचतं, तिथे सुचलं नाही. मी म्हटलं, बाई, मला समजत नाही. फक्त गाडी पुढे गेली तर पोर गेली.

बाईंनी रस्त्यावरच्या बॅरिकेडकडे पाहिलं. मग म्हणाल्या, येणारी प्रत्येक गाडी मी तपासते आहे, तीही तपासेन, जशा बाकीच्या तशीच. त्यापेक्षा जास्त काही नाही. तुम्ही त्या रसवंतीच्या मागे उभे राहायचं. दिसायचं नाही, बोलायचं नाही. तोंड उघडलंत तर आधी तुम्हाला बसवीन.

मी रसवंतीच्या मागे जाऊन उभा राहिलो. गप्प राहणं हे काम मी जन्मात केलेलं नाही. दातांत रुमाल धरला होता. एकेक गाडी येत होती, कागद पाहत होते, सोडत होते. सुकदेव त्या दिवशीही ड्यूटीवर होता. त्याने मला उसाच्या मोळ्यांमागे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं.

गाडी आली. जावई पुढे, मागे वैशू, तिच्या मांडीवर परी, बाजूला विहीणबाई. बाईंनी ड्रायव्हरचे कागद पाहिले, पट्टा लावायला सांगितला. मग मागची काच खाली घ्यायला लावली. कुठे चालले? जावई म्हणाला सुरत. बाई म्हणाल्या, तुम्हाला झालं विचारून, मागच्यांना विचारते, सगळ्यांनाच विचारते. ताई, तुम्ही कुठे चाललात? विहीणबाई म्हणाल्या, आम्ही बठ्ठे सुरतले. बाई म्हणाल्या, मावशी, यांना विचारलं मी.

वैशूने परीला जवळ ओढलं. मला उसाच्या फटीतून तिचा अर्धा चेहरा दिसत होता. ती बाईंकडे पाहत नव्हती, गाडीतल्या कुणाकडेच पाहत नव्हती. तेवढ्यात जावई खाली उतरला आणि म्हणाला, कोण कुठे चाललं हे विचारायचा तुम्हाला काय अधिकार, कागद पाहिलेत, आता सोडा, आमच्या घरच्या गोष्टीत पडू नका.

काय सांगू तुम्हाला. तो माझंच वाक्य बोलत होता. टपरीवर मी रोज बोलायचो तेच, अगदी त्याच तावात. 

आणि नेमका तेव्हा माझा मोबाईल वाजला. आवाज पूर्ण वर. सेठजींचा. मी घाबरून बंद करायला गेलो तर उचलला गेला, आणि रसवंतीमागून सेठजींचा आवाज अख्ख्या नाक्याने ऐकला, आबा, गाडी निघून गेली हो, कधीची निघाली, तुम्ही कुठे आहात.

जावयाने वळून पाहिलं. मी उसाच्या मोळ्यांमधून बाहेर आलो, तोंडात रुमाल, हातात मोबाईल. असा बाप कुणी कधी पाहिला नसेल. बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी मेल्यावरही विसरणार नाही. जावई ओरडायला लागला, हा ठरवून केलेला खेळ आहे, हा बापाने घातलेला घाट आहे, मी वरपर्यंत जातो. बाईंचा चेहरा पडला. कारण तो खोटं बोलत नव्हता.

त्या गोंधळात मागचं दार उघडलं. वैशूने परीला कडेवर घेतलं आणि खाली उतरली. विहीणबाईंनी पदर धरला होता, तो तिने सोडवला, झटकून नाही, हळूच, लहान पोराच्या मुठीतून सोडवतात तसा. बाईंकडे पाहून, कुठे चाललात त्याचं उत्तर दिलं, तुम्ही इचारं ना, कथा चालनी. आखाजीले. मना बापना घर.

बाईंनी एकदाच विचारलं, स्वतःच्या मर्जीने? ती म्हणाली हो. मग बाई जावयाला म्हणाल्या, तुमचे कागद बरोबर आहेत, तुम्ही जाऊ शकता, त्यांना जिकडे जायचं त्या जातील. जावई गाडीत बसला. मग दार आपटलं आणि गाडी गेली. धुळ्याकडे नाही, मागे वळून गेली. म्हणजे सुरतचं काम तेवढंच होतं, पोरीला दूर नेणं.

तुम्हाला वाटेल झालं, सुटलं. नाही हो. आता पारोळ्याच्या कोर्टात तारखा चालू आहेत. त्यांच्याकडची माणसं येतात, मिटवून घ्या म्हणतात, परी त्यांची आहे म्हणतात. अंगणवाडीत तिला सोडताना वैशू आधी रस्त्याची दोन्ही टोकं पाहते. जावयाने अर्ज केलाच वरती, की पोलीस माणसाला अडवून घरच्या गोष्टी विचारतात. फौजदार बाईंना खुलासा द्यावा लागला, आणि मग त्यांची बदली झाली. बदली त्यामुळे झाली का व्हायचीच होती, मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. जाताना त्या दुकानावरून गेल्या. मी उठून उभा राहिलो. त्यांनी गाडी थांबवली नाही, हात वर केला फक्त.

सुकदेव अजून नाक्यावर असतो. मला नमस्कार करतो. मी घेतो. त्याने सांगितलं नसतं तर, असं मनात येतं, आणि लगेच येतं की मी ऐकवलं नसतं तर. पुढे विचार जात नाही.

नाक्याबद्दल माझं मत विचाराल, तर सकाळी एक असतं, संध्याकाळी दुसरं. परवा एका नवऱ्या मुलीची पेटी उघडायला लावली, आतले कपडे रस्त्यावर, तिची मावशी आडवी उभी राहिली होती पदर पसरून. मी दुकानातून उठलो आणि जाऊन म्हटलं, साहेब, कपड्यात केबल नसते. हवालदार म्हणाला, तुम्ही कोण? मी म्हटलं, ज्याने तुम्हाला बोलावलं तो. आणि त्याच रात्री बायको म्हणाली, नाका उठवणार म्हणे, तर मला झोप आली नाही. कारण तो उठला, तर तिकडून येणारी गाडी सरळ आमच्या दारापर्यंत येईल. काय म्हणावं याला. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मिळून माझ्या डोक्यात मावत नाही. चोराला शोधा, पण त्या शोधात दुसऱ्याची पोर रस्त्यावर मांडू नका, एवढं जमेल का कुणाला? जमत असेल तर त्याचं भलं होवो. मला मोबाईलचा आवाज कमी करायला जमलं आहे, तेवढं सध्या पुरे.

हे बठ्ठं मी तुम्हाला सांगितलं ते तुम्ही कुणाला... हां, लिहिणारच आहात तुम्ही, विसरलो. वैशूला विचारायचं राहिलंच बघा. ती आतच आहे, ऐकतच असणार, भिंत पातळ आहे. आलीच वैशू. तुमच्यापुढे चहा ठेवला, माझ्यापुढे नाही, म्हणजे ऐकलं. काय गं, काय म्हणतेस, लिहू द्यायचं का यांना?

लिहा भाऊ, खुशाल लिहा. फक्त आबांना कुणाला सांगू नका म्हणून जे जे सांगितलं, तेवढं आधी गाळा, आणि मग पाहा, लिहायला काही उरतं का.